तीनशे चाळीस पावलांची तपासणी

मर्विन बेडिस यांच्या खाणीपासून मोठ्या रस्त्यापर्यंत तीनशे चाळीस पावले होतात. पाऊस पडून गेला असेल तर तीनशे पंचेचाळीस, कारण डबक्याला वळसा घालावा लागतो. ही वाट त्यांच्या पणजोबांच्या वेळेपासून तिथे आहे आणि एवढ्या काळात तिने कोणाचे काही वाईट केल्याचे ऐकिवात नाही. तरीही एका बुधवारी सकाळी टपालाने एक खाकी लिफाफा आला. त्यात कळवले होते की, लहान भूमिगत खाणींच्या पोहोचमार्गांचे नियामक परीक्षण सुरू झाले असून ते पूर्ण होईपर्यंत सदर मार्ग बंद राहील. खाण चालू ठेवण्यास कार्यालयाची कोणतीही हरकत नाही. फक्त खाणीपर्यंत कोणी पोहोचू नये.

वार बुधवार होता, हेच सगळे दुखणे होते.

डीनच्या जंगलात कोळसा कोणालाही काढता येत नाही. त्यासाठी हक्कदार खाणकरी म्हणून नोंदवहीत नाव लागावे लागते, आणि नाव लागायला तीन गोष्टी लागतात. जन्म जंगलाच्या जुन्या हद्दीत व्हावा, वयाची एकवीस वर्षे पुरी व्हावीत, आणि हद्दीतल्या एखाद्या खाणीत एक वर्ष आणि एक दिवस काम केलेले असावे. मर्विन यांची मुलगी ग्वेंडा हिचे वर्ष मंगळवारी संध्याकाळी पुरे झाले होते. राहिला होता तो दिवस.

ग्वेंडा अडतीस वर्षांची. कोलफर्डच्या वाचनालयात पंधरा वर्षे काम केल्यावर वाचनालयच बंद झाले, तेव्हा ती बापाच्या हाताखाली खाणीत उतरली. मर्विन चौऱ्याहत्तरीला आले होते. गुडघे बोलू लागले होते आणि छाती तर केव्हाचीच बोलत होती. खाणीचा हक्क फक्त हक्कदाराकडेच राहू शकतो. ग्वेंडाचे नाव वहीत लागण्याआधी मर्विन आटोपले असते, तर चार पिढ्यांची खाण दुसऱ्या कोणाच्या नावावर गेली असती.

तिच्या जन्माची गोष्ट जंगलात सर्वांना ठाऊक आहे. मर्विन यांच्या बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हा ती माहेरी, ग्लॉस्टरला होती. इस्पितळ दोन गल्ल्या सोडून होते. जगातला कुठलाही शहाणा नवरा अशा वेळी बायकोला इस्पितळात घेऊन धावतो. मर्विन तिला ट्रकमध्ये घालून इस्पितळापासून लांब धावले, कारण ग्लॉस्टर हद्दीबाहेर, आणि मुलगा झाला तर तो खाणकरी व्हायला हवा. वीस मैल ट्रक पळवला. हद्द ओलांडली, गाव ओलांडले, आणि घराऐवजी सवयीने ट्रक खाणीच्या वाटेला लावला. तिथे, डबक्याच्या अलीकडे, मुलगी झाली. त्या काळी बायकांचे नाव वहीत लागत नसे. जंगल तीस वर्षे हसले. पुढे काळ बदलला, बायकांनाही वही उघडली, आणि ग्वेंडाच्या जन्मदाखल्यावरचे 'जन्मस्थान : खाणीची वाट' हे शब्द एकदम कामाचे ठरले.

तर त्या बुधवारी बापलेक वाटेच्या तोंडाशी आले तेव्हा दोन खांबांना साखळी लागलेली होती. साखळीला कुलूप, कुलपाला सील.

"एकच दिवस तर पायजे होता," ग्वेंडा म्हणाली. तिच्या डोक्याला दिवा होता आणि पिशवीत पाव आणि चीज.

"साखळी गुडघ्याएवढी तर आहे," मर्विन म्हणाले.

"तुमच्या गुडघ्याएवढी, बाबा. तो वर कुठे उचलतोय?"

शेजारी बुंध्यावर क्लिफर्ड कुक्सी बसला होता. जंगलात मोकाट फिरणाऱ्या मेंढ्यांपैकी पुष्कळशा त्याच्या. त्याला घाई कसलीच नसे.

"मी सांगू?" तो म्हणाला. "झाडीतनं जा."

झाडीतून जाण्याचा विचार पत्र लिहिणाऱ्यांनीही केलेला होता. परिशिष्ट ब मध्ये म्हटले होते की, खाणीकडे झाडीतून एकदा गेल्यास ते फिरणे समजावे. त्याच जागेवरून दोनदा गेल्यास तो पोहोचमार्ग समजून परीक्षणास पात्र ठरावा. ग्वेंडाने पंधरा वर्षे वाचनालयात परिशिष्टेच लावली होती. तिला यात वाट दिसली. तिला एकदाच तर जायचे होते. ती नेच्यांच्या आणि काटेरी झुडपांच्या रानातून अंग ओरबाडून घेत खाणीत पोहोचली, दिवसभर कुदळ मारली, अकरा पेट्या कोळसा काढला आणि संध्याकाळी नोंद-अधिकाऱ्यांपुढे काळ्या तोंडाने उभी राहिली.

नोंद-अधिकारी भला माणूस होता. त्याने तिला खुर्ची दिली, खुर्चीवर आधी वर्तमानपत्र पसरले, आणि नव्या परीक्षणाचे परिपत्रक वाचून दाखवले. मंजूर मार्गाने न आलेली व्यक्ती खाणीत आली असे मानता येत नाही.

"पण मी आले होते. हे हात बघा."

"हात आलेले दिसतायत," तो दुःखाने म्हणाला. "वाट दिसत नाही."

पुढच्या सोमवारी परीक्षक आले. ज्युलियन फोथ्रॉप हे त्यांचे नाव. उंच, सडपातळ, बोलायला गोड आणि पायात कोरे करकरीत बूट. साखळी काढून त्यांनी मर्विन यांना आपल्या गाडीत बसवले, कारण परीक्षणाच्या वाहनाला बंदी लागू नव्हती.

"तुम्हाला सांगतो, मलासुद्धा हा भाग परका नाही," फोथ्रॉप म्हणाले. "वडील बदलीवर होते इथे चार महिने. माझा जन्म इथल्याच छोट्या दवाखान्यातला."

"असं होय," मर्विन म्हणाले. परीक्षकही कुठेतरी जन्मतातच, एवढेच त्यांच्या मनात आले.

शंभर पावलांवर वाटेच्या मधोमध क्लिफर्डची एक मेंढी बसली होती. रवंथ करीत ती गाडीकडे पाहत होती. फोथ्रॉप यांचा हात हॉर्नकडे गेला. मर्विन यांनी त्यांचे मनगट धरले.

"दुसऱ्याच्या मेंढीवर हॉर्न वाजवत नाहीत साहेब."

"का?"

"वाजवत नाहीत."

याहून जास्त स्पष्टीकरण त्या जंगलात कोणी कधी दिलेले नाही. तिथे मेंढीसाठी अंत्ययात्रा थांबलेल्या आहेत. एकदा तर नवरदेव चर्चमध्ये पाऊण तास उशिरा पोहोचला आणि नवरीने फक्त विचारले, 'कोणाची होती?' गाडीचे इंजिन बंद करून दोघे बसून राहिले. वेळ रिकामा जाऊ नये म्हणून फोथ्रॉप यांनी परीक्षणाचा अर्ज काढला.

"या मार्गावर ही नेहमी असते?"

"तिचीच वाट आहे ती," मर्विन सौजन्याने म्हणाले.

हीच चूक झाली. त्या वेळी हॉर्न वाजू दिला असता, तर मेंढी उठून गेली असती आणि कागदावर आली नसती. पण बावीस मिनिटे ती समोर बसून राहिली, आणि बावीस मिनिटे सरकारी माणसासमोर बसून राहिलेली कोणतीही गोष्ट नोंदल्याशिवाय सुटत नाही. फोथ्रॉप यांनी 'मार्गाचे नियमित वापरकर्ते' या रकान्यात मेंढी लिहिली.

"एकूण किती आहेत?" परतताना त्यांनी क्लिफर्डला विचारले.

"काही आहेत."

"काही म्हणजे नेमक्या?"

"कधी काही, कधी जरा जास्त." आपल्या मेंढ्यांचा आकडा क्लिफर्डने बायकोलाही सांगितला नव्हता.

'काही' हा आकडा अर्जात बसेना, म्हणून वाटेवर आडवी रबरी नळी टाकण्यात आली. नळीवरून वाहन गेले की यंत्र आस मोजते, आणि दोन चाकांचा एक आस. मेंढीला चाके नसतात हे कार्यालयाला मान्य होते. पण यंत्राला पुढचे पाय आणि मागचे पाय असे दोन दणके लागत, म्हणून मेंढी हे दोन आसांचे वाहन ठरले. मेंढ्यांना नळीवरून उडी मारण्याचा नाद लागला. वाट बंद असल्यामुळे त्यांना दुसरे काही कामही नव्हते. महिनाअखेर यंत्राने तीन हजार आठशे आस दाखवले, आणि तीनशे चाळीस पावलांची ती वाट 'मध्यम-अवजड वाहतुकीचा मार्ग' या वर्गात गेली.

अशा मार्गाची रुंदी किमान अठरा फूट असावी लागते. वाट दहा फूट दोन इंच होती. दोन्ही बाजूंना ओकची जुनी झाडे. झाडांना हात लावायचा तर त्यात वटवाघळे आहेत का पाहावे लागते, आणि वटवाघळे पाहायला आलेल्या माणसाने सांगितले की आहेत, पण तुमच्या गाड्यांच्या वर्दळीमुळे ती बिथरली आहेत. या वर्दळीत मर्विन यांचा ट्रक नव्हता. तो घरामागे उभा होता आणि त्याच्या इंजिनात चिमणीने घरटे केले होते.

मर्विन यांनी शेवटी आपला हुकमाचा पत्ता काढला. जंगलात परंपरेने सांगतात की, फार पूर्वी राजाने शत्रूच्या किल्ल्याला वेढा घातला, तट काही पडेना, तेव्हा इथल्या खाणकऱ्यांनी तो खालून पोखरून दिला. राजा खूश झाला. म्हणाला, तुमच्या जंगलातला कोळसा तुमचा, आणि खाणीपासून राजरस्त्यापर्यंत एक वाटही तुमची.

"हे उत्तम आहे," फोथ्रॉप म्हणाले. ते खरोखरच आनंदले होते. "याने सगळाच प्रश्न सुटेल. राजाचं पत्र जोडा."

"पत्र नाही. राजा बोलला तसं."

"तारीख?"

"वेढा पडला होता तेव्हा."

"आणि त्या वाटेची रुंदी राजाने काही सांगितली होती का?"

चार पिढ्यांत हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नव्हता.

तात्पुरत्या अहवालात निष्कर्ष आला की, सदर जागी कागदोपत्री वाट आढळत नसून मेंढ्यांच्या वहिवाटीने झालेला एक पट्टा आहे. वाट नाही म्हटल्यावर साखळी निघेल, असे मर्विन यांना वाटले. ग्वेंडाने मात्र अहवाल दोनदा वाचला आणि ती खाली बसली.

"बाबा, ही वाट नसेल तर मी जन्मले कुठे?"

ती शंका तिने नोंद-कार्यालयात कळवली नव्हती. पण फोथ्रॉप यांनी कर्तव्य म्हणून कळवली.

"गैरसमज नको," ते तिला समजावत म्हणाले. "तुमचा जन्म झाला आहे, याबद्दल कार्यालयाला शंका नाही. कुठे झाला, एवढाच मुद्दा परीक्षणाधीन आहे."

"आई हयात असती तर तिने तुम्हाला जागा दाखवली असती."

"त्या सही करू शकल्या असत्या का?"

"त्या वेळी? नाही. त्या वेळी ती बाबांना शिव्या देत होती."

इथून पुढे परीक्षण खोल गेले, म्हणजे अक्षरशः. मार्गाचे मूल्यमापन तो जिथे पोहोचतो त्या ठिकाणाशिवाय होऊ शकत नाही, असे वरून पत्र आले. म्हणून फोथ्रॉप खाणीत उतरू लागले. एकटेच, कारण मंजूर मार्गाने येणारे आता तेवढेच होते. वाटेवर किती भार पडेल हे ठरवायला कोळसा किती निघतो ते कळायला हवे, आणि कोळसा किती निघतो हे तो काढल्याशिवाय कळत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी अर्धी पेटी काढली आणि हाताला फोड आले. नियमच असा होता की नमुना रोज घ्यावा, सुट्टीच्या दिवशीही, नाहीतर सरासरी बिघडते.

मर्विन साखळीच्या अलीकडे बुंध्यावर बसून त्यांची येजा पाहत. पहिले काही आठवडे त्यांना मौज वाटली. मग त्यांना राहवेना.

"साहेब, कुदळ अशी धरलीत तर खांदा जाईल. खाली धरा. खाली."

"असं?"

"आणि छताला आधी ठोकून ऐका. पोकळ आवाज आला तर मागे सरायचं, मोजत बसायचं नाही."

"कितव्या ठोक्याला?"

"पहिल्याच."

नाताळपर्यंत फोथ्रॉप दिवसाला चार पेट्या काढू लागले. बूट मळले, मग फाटले. दुपारी ते पाव, चीज आणि कच्चा कांदा खात. गार चहा बाटलीतून पीत. इस्टरच्या सुमारास त्यांनी आपणहून मेंढीसाठी गाडीचे इंजिन बंद केले, आणि मागून आलेल्या वटवाघूळवाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाले, "वाजवत नाहीत."

"बिघडला माणूस," क्लिफर्ड म्हणाला.

"सुधारला म्हण गड्या," मर्विन म्हणाले.

"आपली पोर बाहेर आणि तो आत. आणि तुला कौतुक."

ग्वेंडा तेव्हा एका दुकानात बिस्किटांचे पुडे लावत होती. जंगलातल्या सातही खाणींच्या वाटांना साखळ्या होत्या. तिचा उरलेला एक दिवस कुठेच मिळत नव्हता.

आणि मग एका मंगळवारी फोथ्रॉप नोंद-अधिकाऱ्यांपुढे काळ्या तोंडाने उभे राहिले. अधिकाऱ्याने खुर्चीवर वर्तमानपत्र पसरले. जन्म हद्दीतल्या दवाखान्यातला, दाखला सोबत. वय त्रेपन्न. हद्दीतल्या खाणीत, मंजूर मार्गाने येऊन, रोजच्या नमुन्याच्या तीनशे सहासष्ट नोंदींसह काम, म्हणजे एक वर्ष आणि एक दिवस. कागद इतके पूर्ण होते की अधिकाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले. एवढी नीटस फाईल त्याने नोकरीत पाहिली नव्हती. त्याने वही उघडली आणि नाव लावले.

ही बातमी सांगायला फोथ्रॉप स्वतः बुंध्याशी आले. बरोबर सफरचंदाच्या दारूची बाटली होती.

"मी राजीनामा दिला," ते म्हणाले. "ऑफिसात जीव गुदमरत होता. खाली बरं वाटतं."

मर्विन यांनी बाटली घेतली, कारण बाटलीचा काही दोष नव्हता. "आणि साखळी?"

"ती आता माझ्या अखत्यारीत नाही. मी उद्या गेलो तर मलाही आत जाता येणार नाही." हे बोलता बोलताच त्यांच्या ध्यानात आले असावे. ते बुंध्यावर बसले. क्लिफर्ड थोडा सरकला.

परीक्षकाची जागा रिकामी झाली आणि तिची जाहिरात वाटेच्या तोंडाशी ओकवर लागली. स्थानिक माहिती, परिशिष्टांचा अनुभव, अंधारात काम करण्याची तयारी. ग्वेंडाने ती उभ्याउभ्या वाचली आणि त्याच दुपारी अर्ज केला. मुलाखतीत तिने परिशिष्ट ब तोंडपाठ म्हणून दाखवले. दुसऱ्या उमेदवाराला परिशिष्ट म्हणजे काय तेच माहीत नव्हते.

पहिल्या दिवशी ती पिवळे जाकीट घालून आली. बुंध्यावर तिघे बसले होते. तिने सील तोडले, साखळी काढली, आत गेली, साखळी पुन्हा लावली, आणि दिवसभर नमुना घेतला. अकरा पेट्या. संध्याकाळी नोंद-अधिकाऱ्याने वर्ष जुने, दिवस नवा अशी बेरीज केली. वर्ष आणि दिवस लागून असावेत असे राजाने कुठे म्हटल्याचे आढळत नव्हते. जन्मस्थानाच्या मुद्द्यावर परीक्षकांचे मत मागवावे लागले. परीक्षक समोरच बसलेली होती. तिने 'तूर्त हरकत नाही' असे लिहून दिले. नाव लागले.

मर्विन यांनी त्या संध्याकाळी आयुष्यात पहिल्यांदा मुलीचे डोके थोपटले. तिच्या केसांतून कोळशाची धूळ उडाली आणि दोघांना खोकला आला.

सकाळी तिघे हक्कदार आणि एक मेंढीवाला साखळीपाशी जमले. मर्विन आपला ट्रक घेऊन आले होते. चिमणीचे घरटे त्यांनी टोपीत काढून ठेवले होते.

"चल पोरी. काढ आता ते कायमचं."

ग्वेंडाने किल्ली काढली. मग दुसऱ्या खिशातून टेप काढली, वाकली, आणि या ओकपासून त्या ओकपर्यंत लावली.

"काय करतेस?"

"सही करायच्या आधी बघायला नको? माझं नाव जाणार खाली." तिने टेपवर बोट ठेवले. "दहा फूट दोन इंच आहे, बाबा."

"ते वर्षभर माहितीय."

"अठरा लागतं."

"कोणी ठरवलं अठरा?" फोथ्रॉप गरजले. त्यांचा आवाज चांगला खाणकऱ्यासारखा झाला होता.

"तुम्हीच. पान एकशे बारा."

फोथ्रॉप यांनी पान पाहिले. अक्षर त्यांचेच होते.

"अग, तू या वाटेवर जन्मलीस," मर्विन म्हणाले.

"तेही बघायचंय," ग्वेंडा म्हणाली. तिने ते प्रेमानेच म्हटले. "तूर्त हरकत नाही असं लिहिलंय मी. तूर्त. घाई केली तर माझंच नाव वहीतून निघेल. थोडा वेळ द्या मला. वर्षभर."

ती आत गेली. साखळी लागली. मर्विन ट्रकमध्ये बसले, खाली उतरले, आणि टोपीतले घरटे पुन्हा इंजिनात जिथल्या तिथे ठेवले.

ग्वेंडा वर्षभराने राजीनामा देणार आहे, हे तिने घरी कबूल केले आहे. त्यामुळे जागा पुन्हा निघेल. जाहिरात आत्ताच ओकवर लागली आहे, कारण कार्यालय आता वेळेच्या पुढे चालते. पहिल्या आठवड्यात एकेचाळीस अर्ज आले. त्यात वटवाघूळवाल्याचा आहे. क्लिफर्डचाही आहे, त्याने अनुभवाच्या रकान्यात 'काही' असे लिहिले आहे. 'सदर मार्ग आपणांस अरुंद वाटतो काय?' या प्रश्नापुढे सर्वांनी होय लिहिले, आणि त्यांतल्या तेहेतीस जणांनी ती वाट पाहिलेलीही नाही. शेवटची तारीख अजून जायची आहे. शिक्षणाची अट नाही, वयाची नाही, हद्दीत जन्म झालेला असण्याचीही नाही. टेप तेवढी स्वतःची आणायची आहे, आणि ती आपल्या घरात कुठल्या खणात आहे हे वाचकांना आठवलेच असेल.